सत्तावीस पॉइंट दोन

सायकलच्या दुकानात थोडा वेळ नुसतं उभं राहिलं, तर दोनच प्रश्न कानावर पडतात: गिअर किती आणि वजन किती. तिसरा असलाच तर रंगाचा. फ्रेम कसली आहे, कुणी बनवली, नळ्या कशाच्या आहेत, हे विचारणारं गिऱ्हाईक विरळा. विचारणार तरी काय? गिअर मोजता येतात, वजन हाताने उचलून बघता येतं. फ्रेम म्हणजे रंग मारलेल्या नळ्या. त्यांच्याकडे बघून काय कळणार?

आणि सायकलीत शेवटपर्यंत टिकायची ती तेवढीच वस्तू. माझ्या आत्ताच्या सायकलीची चेन, फ्रीव्हील, दोन्ही रिमा, सीट, हँडल, ब्रेकच्या वायरी, सगळं कधी ना कधी बदलून झालंय. जिला मी माझी सायकल म्हणते, तिच्यात मूळचं असं फ्रेम आणि पुढचा चिमटा एवढंच उरलंय. नेमकं तेच मी निवडलेलं नव्हतं. ते दुकानदाराने निवडलं होतं, म्हणजे त्या आठवड्यात त्याच्याकडे जे होतं ते त्याने मला दिलं होतं.

या वेळी म्हणून दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. सायकल घ्यायची नाही, नुसती फ्रेम घ्यायची आणि बाकीचं तिच्याभोवती जमवत जायचं. माझ्या गरजा मोठ्या नाहीत, पण ठरलेल्या आहेत. पुण्याहून ताम्हिणीने किंवा वरंध्याने कोकणात उतरायचं, मागे दोन पिशव्या अडकवून. अधूनमधून दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायची, म्हणजे ठरावीक वेळात पुरी करायची लांब फेरी, जिला साडेतेरा तास मिळतात आणि मला त्यातले बहुतेक सगळे लागतात. शर्यत कुणाशी लावायची नाही. उंची पाच फूट एक इंच. पन्नाशी समोर दिसायला लागली आहे, तेव्हा ही शेवटची फ्रेम असावी अशी इच्छा. ती बोलून दाखवली तेव्हा पेठेतले सायकलवाले काका हसले. मी कॉलेजात असल्यापासून माझ्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. म्हणाले, "प्रत्येक जण शेवटचीच घ्यायला येतो, ताई."

आपल्याकडे फ्रेमविषयीची समजूत घडली ती काळ्या रोडस्टरवर. अठ्ठावीस इंची चाकं, रॉडचे ब्रेक, चेनला पत्र्याचं कव्हर, कधी दुहेरी दांडी. मूळ बेत इंग्रजांचा. मग आसनसोलला सेन-रॅले आली, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो, आणि त्या काळ्या सायकलीने अख्खा देश पायांवरून चाकांवर आणला. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. तारीख तरी दुसरी बघायची.

त्या सायकलीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. तिची सीटखालची नळी आणि हँडलखालची नळी दोन्ही चांगल्या मागे रेललेल्या असतात, दोन चाकांमधलं अंतर भरपूर असतं, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर ती झुलत झुलत जाते, उधळत नाही. दुधाचे कॅन, धान्याचं पोतं, डबलसीट बायको आणि दांडीवर पोरगं, हे सगळं गृहीत धरून केलेली ती रचना आहे आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण तिने आपल्या डोक्यात एक समीकरण बसवून टाकलं: मजबूत म्हणजे जड. आजही घरातली वडीलधारी माणसं सायकल दोन बोटांनी उचलली गेली की संशयाने बघतात. "टिकेल का गं ही?"

या प्रश्नाचं उत्तर बर्मिंगहॅमच्या एका खिळेवाल्याने १८९७ साली देऊन ठेवलं आहे. आल्फ्रेड रेनॉल्ड्स. घराण्याचा धंदा खिळ्यांचा. सायकलींचा सुकाळ आलेला आणि प्रत्येक कारखान्यापुढे एकच अडचण: नळी पातळ घेतली तर सांध्याशी तुटते, जाड घेतली तर सायकल जड होते. सांध्याशीच का तुटते, तर दोन कारणांनी. एक म्हणजे नळीवर येणारा वाकवणारा जोर टोकांना सगळ्यांत जास्त असतो, मध्ये कमी. आणि दुसरं, पितळेने झाळताना टोकंच तापतात, आणि तापलेलं स्टील मऊ पडतं. म्हणजे जाडी हवी ती टोकांना. मधल्या लांबीत ती नुसतं ओझं असते. रेनॉल्ड्सने पेटंट घेतलं ते अशा नळीचं, जी बाहेरून सरळ एकसारखी दिसते, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. हिला बटेड नळी म्हणतात.

करतात कशी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. नळी आतल्या एका सळईवर चढवून साच्यातून ओढायची, म्हणजे ती सळईचा आकार घेते, इथपर्यंत ठीक. पण ती सळई मध्ये फुगीर आणि टोकांना बारीक असणार, तरच नळी मध्ये पातळ होईल. मग ती बाहेर काढायची कशी? बाटलीत वाढवलेल्या काकडीसारखी ती आत अडकून बसणार. यावरची युक्ती अशी, की ओढून झाल्यावर नळी तिरक्या बसवलेल्या रुळांमधून फिरवत नेतात. त्या दाबाने ती किंचित, अगदी केसभर, फुगते, आणि सळई सुटून निघते. हे वाचल्यावर मी उठून स्वयंपाकघरात चहा करायला गेले आणि दूध उतू गेलं. एखाद्या माणसाला हे सुचलं कसं असेल, याच विचारात होते.

पुढे १९३५ मध्ये त्याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं ५३१ नावाचं स्टील आणलं आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगली सायकल म्हणजे ५३१ असं चाललं. जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही त्याच नळ्या होत्या. आता आपल्याकडे चांगली स्टीलची फ्रेम म्हटलं की बहुधा क्रोमोली असते, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील. ४१३० हा तिचा परिचित आकडा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, चांगल्या जाणत्या सायकलवाल्यांतही. महाग स्टील जास्त ताठ असतं असं त्यांना वाटतं. तसं नसतं. गेटाला वापरतात ते साधं स्टील असो की रेनॉल्ड्सचं महागडं ८५३, तेवढ्याच मापाची नळी तेवढीच लवते. फरक पडतो तो ताकदीत, म्हणजे किती जोराला ती कायमची वाकेल किंवा तुटेल त्यात. ताकद जास्त, म्हणून भिंत पातळ करता येते. चांगल्या फ्रेमला आपण जे जास्तीचे पैसे देतो, ते आत नसलेल्या धातूचे असतात.

पण नळीच्या पोटात डोकावणार कसं? हे मला काकांनी दाखवलं, आणि एवढी सोपी खूण आजवर मला कुणी सांगितली नव्हती.

मैत्रिणीच्या वाड्यात माळ्यावर एक फ्रेम पडून होती. तिच्या वडिलांची. कुणीतरी तिला खिडकीच्या ग्रिलचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासलेला, स्टिकरचा पत्ता नाही. आम्ही ती काकांकडे नेली. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटचा बोल्ट सैल केला, तेल सोडलं, दहा मिनिटं दुसरं एक पंक्चर काढलं, मग सीटची दांडी पिळून पिळून बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि तिच्यावर ठोकलेला आकडा उजेडात धरून वाचला. सत्तावीस पॉइंट दोन. "चांगल्या घरची आहे," म्हणाले.

हिशेब असा. जुन्या धर्तीच्या स्टीलच्या फ्रेममध्ये सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो, एक इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे २८.६ मिलिमीटर. आत २७.२ ची दांडी जात असेल, तर सरकायला ०.२ सोडून नळीचं आतलं माप २७.४ झालं. उरले १.२, दोन्ही बाजूंना वाटले की भिंत ०.६ मिलिमीटर. एवढी पातळ नळी साध्या स्टीलची करतच नाहीत. दांडी २६.६ ची निघाली तर भिंत ०.९, म्हणजे मधली प्रत. आणि २५.४ ची निघाली तर भिंत दीड मिलिमीटर, मग वर कितीही इटालियन नावं चिकटवलेली असोत. या नळीला जाडी फक्त खालच्या टोकाला देतात, पेडलजवळ. वरचं टोक पातळच असतं, म्हणून ही खूण चालते. अर्थात बाहेरचं मापही व्हर्नियर लावून बघावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि जाड नळ्यांच्या नव्या फ्रेमना हा हिशेब लागू नाही. पण जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हिंडताना खिशात व्हर्नियर असेल, तर विकणाऱ्याच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं.

ती हिरवी फ्रेम बावीस इंची होती. मला तिच्यावर शिडी लावून चढावं लागलं असतं. मैत्रिणीच्या भाच्याला ती बसली.

स्टिकरबद्दल एक सांगायलाच हवं. फ्रेमवर "क्रोमोली" असं ठसठशीत लिहिलेलं असतं, त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचावं. पुष्कळदा तिथे "तीन मुख्य नळ्या" असं असतं. म्हणजे पुढचा त्रिकोण चांगल्या स्टीलचा आणि मागचे चार दांडे आणि चिमटा साध्या स्टीलचे. खोटं काहीच लिहिलेलं नसतं. काका स्टिकरऐवजी मागच्या चाकाचा आस जिथे बसतो, ती खाच बघतात. पत्र्यातून कापून कडेला नुसती टाचलेली असेल तर तिथेच फ्रेमची पत्रिका कळते. घडवलेली, जाड, कडा नीट तासलेली असेल तर बनवणाऱ्याने बाकीकडेही लक्ष दिलेलं असण्याचा संभव मोठा. जिथे कुणी बघत नाही अशा जागा त्यांनी मला एकेक करून दाखवल्या. मागच्या ब्रेकचा पूल, म्हणजे दोन दांड्यांमधली आडवी नळी, सरळ आहे का. पेडलच्या डब्याला, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो त्याला, खाली पाणी जायला भोक आहे का. कॅरिअर बसवायचे आटे आहेत का, आणि ते रंगाने बुजलेत की साफ केलेत. लग असतील, म्हणजे सांध्यांवरच्या त्या नक्षीदार बाह्या, तर त्यांची कड नळीकडे पातळ होत गेली आहे का, आणि झाळ कडेला सगळीकडे दिसते का. वेल्डिंग असेल तर खवले एकसारखे हवेत. हे शेवटचं फार मनावर घेऊ नये असं माझं मत. सुंदर वेल्डिंगच्या भिकार फ्रेम मी पाहिल्या आहेत.

आता धातूंचा प्रश्न. स्टीलच घ्यायचं हे मी आधी ठरवलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. टायटॅनियम दोन्ही बाबतींत निम्म्याच्या जरा पुढे. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा बघितला तर तिन्ही धातू जवळजवळ एकाच रांगेत बसतात, आणि खेळ उरतो तो आकाराचा. भिंत तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं पण ताठपणा आठपट. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड असतात. कॅननडेल कंपनीने १९८३ मध्ये तशा सायकली बाजारात आणल्या तेव्हा लोक हसले होते, आता त्याच नेहमीच्या वाटतात. दुकानात माणसं त्या नळीवर हात फिरवून "काय दणकट आहे" म्हणतात. दणकट दिसते ती पोकळी.

अ‍ॅल्युमिनियमची खरी अडचण वेगळी. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्याखालचे हिसके ते कितीही सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक हिसका कुठेतरी जमा होत जातो. चांगले कारखानदार हे ओळखून नळ्या लागते त्यापेक्षा जास्त देतात, वेल्डिंगनंतर सगळी फ्रेम भट्टीत घालून पुन्हा कडक करून घेतात, आणि अशा फ्रेम वर्षानुवर्षं चालतात. रोज ऑफिसला जायचं असेल तर मी कुणालाही अ‍ॅल्युमिनियमच सांगेन. पण ती वाकली तर सरळ करता येत नाही, तडकली तर भोरच्या किंवा माणगावच्या वेल्डरकडे नेऊन उपयोग नसतो. टायटॅनियम गंजत नाही, दिसतं देखणं, आणि किंमत ऐकली की माणूस विषय बदलतो.

कार्बनबद्दल माझ्या ओळखीच्या रायडर मंडळींशी माझे वाद झाले आहेत. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याच्या चढावर घाटाचा राजा ठरतो; तिथे अर्धा किलो म्हणजे पुष्कळ, हे मला मान्य आहे. पण माझा हिशेब बघा. मी, सायकल, पाणी आणि सामान मिळून ऐंशी किलो. चांगल्या स्टीलच्या आणि हलक्या फ्रेममधला फरक धरू आठशे ग्रॅम. म्हणजे एक टक्का. तासभराच्या चढात छत्तीस सेकंद. एवढ्या वेळात मी ताम्हिणीत एक धबधबासुद्धा नीट बघत नाही. आणि एस.टी.च्या टपावर दोरीने आवळून आणलेल्या कार्बनच्या फ्रेमला आत कुठे मार बसलाय का, हे बाहेरून कळत नाही. फ्रेमवर नाणं वाजवत बसावं लागतं, बद्द आवाज आला की काळीज हललं. तो ताप मला नको होता, एवढंच. ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा.

"पण स्टीलवर हादरे कमी बसतात" असं म्हणून माझं समर्थन करायला येणारे मात्र मला अडचणीत आणतात. हे मला फारसं पटत नाही. दोन त्रिकोणांची ही रचना वरून खाली दाबली तर कुठल्याही धातूची असो, फार लवत नाही. लवतो तो टायर. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवरून बेचाळीसच्या टायरवर जा, आणि मग धातूंविषयी बोलू. म्हणून फ्रेम बघताना माझ्या लेखी वजनाच्या आधी विचारायचा आकडा हा: जास्तीत जास्त केवढा टायर बसतो, आणि मडगार्ड लावल्यावर केवढा? आपल्या रस्त्यांवर, जून ते सप्टेंबर, याच्यापुढे बाकीचे आकडे फिके आहेत. कितीतरी देखण्या फ्रेम इथेच गळल्या. अठ्ठावीसच्या वर टायर जात नाही, मडगार्डला जागा नाही. जिथे पाऊसच पडत नाही अशा एखाद्या देशासाठी त्या केल्या असाव्यात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो मापात. माप म्हणजे सोळा इंच, अठरा इंच असं सांगतात, पण ती असते सीटखालच्या नळीची लांबी, आणि वरची दांडी उतरती झाल्यापासून तिला काही अर्थ राहिलेला नाही. खरी मापं दोन: पेडलच्या डब्याच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीचं डोकं किती उंच आहे, आणि किती पुढे आहे. पहिलं म्हणजे स्टॅक, दुसरं रीच. ही दोन माहीत असली की दोन वेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवता येतात. दुकानात हे विचारलं की "मॅडम, सीट खाली करून देतो की" असं उत्तर येतं. सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही, हे मी शांतपणे सांगायला शिकले आहे.

बुटक्या माणसांच्या फ्रेममध्ये एक लबाडी असते, ती इथे सांगून ठेवते. फ्रेमची वरची लांबी कमी दाखवायची, तर सोपा मार्ग म्हणजे सीटखालची नळी जास्त उभी करायची. ७३ अंशांऐवजी ७५. कागदावर दांडी आखूड होते. पण माझी मांडी काही कंपनीला विचारून वाढलेली नाही. पेडलच्या मानाने मला बसायचं आहे तिथेच बसायचं आहे, म्हणून मी सीट मागे सरकवते, आणि कागदावर कमी झालेले दोन सेंटीमीटर हँडलपर्यंत पोचताना परत येतात. ते का करतात? कारण चाक. सातशेच्या, म्हणजे रोड सायकलींच्या नेहमीच्या मोठ्या चाकाला ठरावीक जागा लागते, छोट्या फ्रेममध्ये ती उरत नाही, आणि मग वळताना पुढचं चाक बुटाच्या टोकाला घासतं. सपाट रस्त्यावर कळत नाही. वरंध्याच्या वळणावर, हळू चढताना, कळतं.

जॉर्जेना टेरी नावाच्या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी १९८५ च्या सुमारास यावर तोडगा काढला होता: पुढचं चाक चोवीस इंची, मागचं सातशेचं. सायकल विचित्र दिसायची आणि बुटक्या बायकांना नेमकी बसायची. पण दोन मापांच्या ट्यूबा वागवायच्या, आणि त्यातली एक महाडला मिळणार नाही, हे मला झेपणारं नव्हतं. माझा तोडगा म्हणजे दोन्ही चाकं ६५०बी ची. रिमचं माप ६२२ च्या जागी ५८४ मिलिमीटर. याच चाकाला माउंटन बाइकवाले साडेसत्तावीस म्हणतात, त्यामुळे टायर-ट्यूब आता ठिकठिकाणी मिळतात. सातशेच्या रिमवर चाळीसचा टायर चढवला की चाकाचा एकूण व्यास ७०२ होतो. ६५०बी वर बेचाळीसचा चढवला तर ६६८. बुटाच्या टोकाला सतरा मिलिमीटर मोकळे मिळाले, आणि टायर उलट रुंदच झाला. हा हिशेब जुळला त्या रात्री मी फार खूश होते. घरात कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

बाकी गोष्टी भराभर ठरत गेल्या. मागचे दांडे लांब हवेत, ४४० मिलिमीटरच्या पुढे. शर्यतीच्या फ्रेममध्ये ते ४१० च्या आसपास असतात आणि पिशव्या लावल्या की टाच त्यांना लागते. पेडलचा डबा आट्यांचा हवा, ठोकून बसवायचा नको. ठोकून बसवलेली बेअरिंग आपल्या पावसाळ्यात कुरकुरायला लागली की तिला नेमकं अवजार लागतं. आट्यांचं माप ते बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका करणारी कंपनी. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात याच कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल आहे. फ्रेम मध्येच दुमडते, आणि जाता येता बघावी अशी आहे. उजवीकडच्या कपाला उलटे आटे असतात. नव्या पोराला पहिल्या दिवशी तोच कप काढायला लावायचा आणि तो किती वेळ उलटा पिळतो ते बघायचं, ही काकांची जुनी करमणूक.

गंज हा स्टीलचा शाप आहेच, आणि तो आतून लागतो. सीटच्या दांडीच्या कडेने पाणी उतरतं, खालच्या डब्यात साठतं, आणि बाहेर रंग झकास असताना आत काम चालू राहतं. नव्या फ्रेममध्ये उकळलेलं जवसाचं तेल ओतायचं, तिला सगळ्या अंगांनी फिरवायचं, उरलेलं निथळू द्यायचं आणि दोन-चार दिवस वाळवायचं. आत एक कडक पापुद्रा धरतो. त्यासाठी वेगळे स्प्रेही मिळतात. काकांचा विश्वास जवसावर.

फ्रेम आली ती नुसती, कागदात गुंडाळलेली, गडद मातकट रंगाची. पहिल्याच दिवशी काकांनी दोरी लावली. मागच्या एका खाचेपासून सुतळी निघते, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत परत येते. मग सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर मागचा भाग मध्यावर आहे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतं. एवढं काकांना चालतं. मग डब्याचे आटे पुन्हा फिरवून साफ केले, तोंडं तासून समांतर केली, कारण आट्यांत रंग गेलेला होता. चांगल्या फ्रेमलाही हे करावंच लागतं आणि घाईच्या दुकानात ते कुणी करत नाही. सीटची दांडी त्यांनी स्वतःच बसवून बघितली. कितीची आहे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही, नुसती व्हर्नियर माझ्यापुढे धरली.

आता चाकं बांधायची आहेत आणि तिथे आमचं अडलंय. मला बत्तीस आरे हवेत, तेही बटेड, टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये १.८. ते किंचित ताणले जातात, त्यामुळे धक्का आजूबाजूच्या आऱ्यांत वाटला जातो आणि तुटायचं ते टोकाशी, तिथे जाडी आहेच. काका म्हणतात छत्तीस, आणि सरळ दोन मिलिमीटरचे. नळ्यांच्या बाबतीत मला जे त्यांनी शिकवलं, तेच मी त्यांना आऱ्यांच्या बाबतीत ऐकवते आहे, आणि ते ऐकून घेतात, हातातलं चाक फिरवून आऊट काढत राहतात. "नळी तुटली तर सांधता येते ताई. आरा वरंध्यात तुटला तर कुणाला फोन करणार?" हब छत्तीस भोकांचेच आणून ठेवलेत त्यांनी, मला न विचारता. आरे कोणते, ते अजून ठरायचंय.